डाव्या पायावरचं वजन

सकाळी डोळे उघडले की सगळ्यात आधी ती एकच गोष्ट करायची. अंथरुणात पाठीवर पडल्या पडल्या डाव्या हाताचा अंगठा खुब्याच्या बाहेरच्या बाजूला न्यायचा, हाडाचं टोक लागतं तिथे ठेवायचा आणि दाबायचा. पाव ताजा आहे की शिळा हे बघायला दाबतात तसा. गेल्या अकरा महिन्यांत दुखलं नाही असं एकदाही झालं नव्हतं. पण कमी दुखलं तर दिवस बरा जाणार आणि जास्त दुखलं तर वाईट, एवढं तिला त्यातून कळायचं, किंवा कळतं असं वाटायचं. गॅसजवळ उभी असलेली आई मागे वळूनही न बघता विचारायची, "काय म्हणतोय खुबा?"

"कालचंच."

"मग ऊठ. नवीन काही सांगायला लागला की झोप."

आई अशीच होती. लेकीच्या दुखण्याची तिला काळजी असायची, पण तोंडातून दर वेळी टोमणाच बाहेर पडायचा.

ती चालण्याच्या शर्यतीत उतरायची. अशी शर्यत असते हे ऐकून लोक आधी हसतात, आणि प्रत्यक्ष बघितल्यावर आणखी हसतात. नियम दोनच, पण जीव काढणारे. दोन पावलांपैकी एक सतत जमिनीला टेकलेलं हवं. आणि पुढे पडलेला पाय, टेकल्या क्षणापासून अंग त्याच्यावर येईपर्यंत, गुडघ्यात सरळ हवा. हे सांभाळून वेग धरायचा तर कंबर दोन्हीकडे झुलते. तिची झुलायची, आणि तशीच झुलत ती दहा किलोमीटर पंचावन्न मिनिटांत कापायची. लॉन्ड्रीतल्या बायकांनी म्हणून तिचं नाव बदक ठेवलं होतं. तिला राग नव्हता. "बदक पोहतं तरी," ती म्हणायची, "मला तेही येत नाही."

लॉन्ड्री एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात होती. त्या इस्पितळानं तिला खेळाडू म्हणून घेतलं होतं, तीन वर्षांच्या बोलीवर. दर वर्षी सगळ्या इस्पितळांच्या कर्मचाऱ्यांच्या स्पर्धा व्हायच्या. या तीन वर्षांत एकदा जरी ती पहिल्या तिघींत आली तर नोकरी कायम, आणि नोकरीबरोबर आवारातल्या पाण्याच्या टाकीमागच्या दोन खोल्याही. नाही आली तर तिसऱ्या वर्षाअखेर दोन्ही परत. पहिल्या वर्षी ती चौथी आली. दुसऱ्या वर्षीही चौथी. "चौथीत नापास झालेली मुलगी पाहिली होती," आई म्हणाली, "चौथी येऊन नापास होणारी तूच." आता तिसरं वर्ष चालू होतं, आणि स्पर्धा पाच आठवड्यांवर आली होती.

पहाटे आवाराच्या भिंतीला धरून ती फेऱ्या मारायची. एक फेरी आठशे मीटरची. शवागार, जनरेटरची खोली, स्वयंपाकघराचं मागचं दार, टाकी, पुन्हा शवागार. फाटकाबाहेरच्या रस्त्यावर ट्रक असत, म्हणून बाहेर जायचं नाही असं तिच्या प्रशिक्षकांनी, सरांनी, ठरवून टाकलं होतं. घर आवारात, सराव आवारात, नोकरी आवाराच्या पोटात. कधी कधी आठवडाभर ती फाटकाबाहेर पडलेली नसायची, आणि तरी ऐंशी किलोमीटर चाललेली असायची.

सात वाजता ती तळघरात उतरे. तिथे खिडकी नव्हती. भिंतींना कायम ओल, आणि वाफ इतकी की समोरच्या बाईचा चेहरा दिसण्याआधी खोकला ऐकू यायचा. चादरी मोठ्या रोलरमधून निघत. पण डॉक्टरांचे कोट आणि शस्त्रक्रियेचे हिरवे गाऊन वाफेच्या इस्त्रीवर हातानं लावावे लागत. ती इस्त्री तिच्याकडे होती. कोट पसरायचा, उजव्या पायानं पेडल दाबायचं, वरचं तापलेलं झाकण खाली येतं, आठ अंक मोजेपर्यंत पाय तसाच ठेवायचा, मग सोडायचा. कोट उलटा करायचा. पुन्हा पेडल. दिवसाला अडीचशे नग तरी व्हायचे.

इस्त्रीच्या पलीकडे घड्यांचं टेबल होतं. तिथे एका उंच स्टुलावर घडीवाल्या मावशी बसायच्या. तळघरात बसून करायचं काम तेवढं एकच, आणि ते त्यांना गुडघ्यांमुळे मिळालं होतं. त्यांनी तेवीस वर्षं इस्त्री चालवली होती. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. तोंड मात्र अजून भर नोकरीत होतं.

"बदके, आज लंगडतेस जरा जास्त."

"ऐट आहे ती, मावशी. तुम्हाला नाही कळायची."

"ऐटीनं चाललं की माणसाचा पाय फाकतो होय? आमच्या वेळी मान ताठ व्हायची."

दुखण्यावर सरांचा एक उपाय होता. सर तिला सोळाव्या वर्षापासून शिकवत होते, स्वतः एके काळी चाललेले होते, आणि त्यांनी सांगितलेलं तिनं कधी मोडलं नव्हतं. त्यांचं म्हणणं, बाहेरच्या बाजूचा स्नायू आखडलाय, तो सोडवायला हवा. त्यासाठी त्यांनी एक कडक रबरी चेंडू दिला होता. तो जमिनीवर ठेवायचा, त्यावर दुखरा खुबा टेकवून आडवं व्हायचं आणि सगळं वजन टाकून मागे-पुढे सरकायचं. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं. त्यानंतर डावा पाय उजव्यामागून पलीकडे नेऊन कंबर बाहेर ढकलत ताण द्यायचा.

"दुखतंय, सर."

"दुखतंय म्हणजे सुटतंय."

सुटत काहीच नव्हतं. आधी फक्त वेगात चालताना दुखायचं, मग जिना चढताना दुखू लागलं, मग मोजा घालायला पाय गुडघ्यावर ठेवला तरी. डाव्या कुशीवर झोपता येईना. उजव्या कुशीवर वळलं की वरचा डावा पाय पुढे घसरायचा आणि कळ यायची. पाठीवर झोपायची सवय तिला नव्हती. ती छताकडे बघत पडायची, आणि सकाळी डोळे उघडल्याबरोबर अंगठा दाबायची.

शेवटी एका दुपारी ती वर दुसऱ्या मजल्यावर फिजिओ मॅडमकडे गेली, सरांना न सांगता. मॅडम तिच्यापेक्षा वयानं लहान होत्या. त्यांनी तिला खाटेवर उजव्या कुशीवर झोपवलं. गालाखाली चादर आली तशी तिच्या लक्षात आलं, ही आपल्याच तळघरातून आलीये. तीन वर्षांत या चादरींवर ती पहिल्यांदा पडली होती.

मॅडमनी एकाच बोटानं नेमकी ती जागा दाबली. तिनं खाटेची कड धरली. मग त्यांनी तिला डाव्या पायावर उभं राहायला सांगितलं, आणि आरसा समोर आणला. "काही दिसतंय?"

दिसत होतं. उजवी कंबर खाली कलली होती, एका बाजूचा दोर तुटलेल्या पाळण्यासारखी.

"तिथे हाडावर एक छोटी पिशवी असते," मॅडम म्हणाल्या. "आत थोडंसं पाणी. स्नायू हाडावरून सरकताना घासू नयेत म्हणून. तुमची सुजली आहे. आणि बाजूचे स्नायू, कंबर धरून ठेवणारे, ते थकलेत. ते ढिले पडले की वरची पट्टी त्या पिशवीवर आवळते. आता सांगा, उपाय काय करताय?"

तिनं चेंडूचं सांगितलं.

"म्हणजे खाली चेंडू, वर हाड, आणि मध्ये सुजलेली पिशवी चिरडतेय. रोज वीस मिनिटं. गळू झालं तर त्यावर बसाल का?"

"आणि सकाळी अंगठ्यानं पण बघते. दुखतंय का ते."

"तेही बंद. जखमेची खपली रोज उचकटून बघितल्यासारखं आहे ते."

मॅडमनी सगळं एका कागदावर लिहून दिलं. चेंडू नको, पाय ओलांडून द्यायचे ताण नकोत, पायावर पाय टाकून बसायचं नाही. झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी. दिवसातून दोनदा कपड्यात गुंडाळून बर्फ. बाजूच्या स्नायूंचे हळू व्यायाम, आणि वेगानं चालणं सहा ते आठ आठवडे बंद. मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "पण एका बाजूलाच का? चालताना तर दोन्ही पाय सारखेच पडतात. दिवसभर उभ्या कशा असता तुम्ही?"

तिनं उभी राहून दाखवलं. उजवा पाय उचलून नसलेल्या पेडलवर ठेवला. कंबर आपसूक डावीकडे लटकली, आणि सगळं अंग डाव्या खुब्यावर जाऊन बसलं.

दुसऱ्या दिवशी आपल्या जेवणाच्या सुट्टीत मॅडम स्वतः तळघरात उतरल्या. वाफेत त्यांचा चष्मा धुरकटला, तो पुसत त्यांनी तिला सहा कोट लावताना पाहिलं. मग मुकादमाला म्हणाल्या, "यांचं दुखणं शर्यतीचं कमी आणि तुमच्या या पेडलचं जास्त आहे. पेडल डावीकडे घेता येईल?"

"मशीन तसंच आलंय, मॅडम. आमच्या आधीपासून."

"मग डाव्या पायाखाली फळी ठेवा, दोन्ही पाय एका उंचीवर येतील. आणि शक्य असेल तर दोन महिने यांना बसून करायचं काम द्या."

बसून करायचं काम म्हटल्यावर सगळ्या बायकांच्या नजरा एकदम घड्यांच्या टेबलाकडे गेल्या, आणि लगेच आपापल्या हातांकडे वळल्या. मावशी उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

त्या संध्याकाळी घरी जाताना तिला सगळं लख्ख कळलं. चालते म्हणून तिला हे पेडल मिळालं होतं, आणि पेडलमुळे तिचं चालणं जात होतं. नोकरी टिकवायची तर शर्यत हवी; शर्यतीसाठी खुबा हवा; खुब्यासाठी नोकरीतली ती जागा सोडायला हवी, आणि जाण्यासारखी जागा एकच, जिच्यावर दुसरीचे गुडघे टेकलेले. ती भिंतीच्या कडेनं चालत राहिली. टाकीपाशी पोचल्यावर घरात न शिरता आणखी एक फेरी मारली, साध्या चालीनं.

मुकादम माणूस वाईट नव्हता. सकाळी त्यानं तिला बाजूला घेतलं. "मी लावतो मावशींना इस्त्रीवर. दोन महिन्यांचा तर प्रश्न. तू तिसरी आलीस तर लॉन्ड्रीचंही नाव होईल. बोल."

तिनं बोलायच्या आत मागून मावशी म्हणाल्या, "तिला काय विचारताय? मला विचारा. स्टूल माझं आहे." मग तिच्याकडे वळून, "बस गं बदके. तू अंड्यावर बसल्यासारखी ऐटीत बस, मी दाखवते या पोरींना इस्त्री कशी चालवतात ते."

"मावशी, तुमचे गुडघे..."

"माझे आहेत. तुला देत नाहीये."

मावशींनी एक दुपार इस्त्री चालवली. पहिले वीस कोट त्यांनी गाणं म्हणत लावले. पुढचे वीस नुसते गुणगुणत. त्यानंतर गुणगुणणं थांबलं, आणि आठ मोजायच्या जागी त्या पाचावरच पाय सोडू लागल्या. ती घड्या घालत होती, पण तिचं लक्ष मावशींच्या पोटरीकडे होतं. सुट्टी झाल्यावर मावशी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसल्या त्या उठेनात. "जरा वारा घेते," म्हणाल्या. तळघराच्या जिन्यावर वारा येत नाही. दोन्ही बाजूंनी धरून त्यांना वर नेलं तेव्हा त्यांच्या तोंडून एकही विनोद निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी आली. इस्त्रीपाशी डाव्या बाजूला फळी ठेवली, तिच्यावर उभी राहिली आणि कोट पसरला. मावशी आल्या, थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या. "अगं, मी एकच दिवस दमले होते."

"तुम्ही कोट करपवलात, मावशी. मुकादम म्हणाले, पुन्हा त्यांना देऊ नका."

"मी? तेवीस वर्षांत एक कोट करपला नाही माझ्या हातून!"

"कालचा करपला."

कोट करपला नव्हता. मावशींनाही ते माहीत होतं. त्या स्टुलावर जाऊन बसल्या आणि संध्याकाळपर्यंत तिच्याशी बोलल्या नाहीत.

फळीनं फरक पडला. उशीनंही पडला. अंगठा दाबायचा सोडल्यावर तर पहिल्याच आठवड्यात ती एका कुशीवर चार तास सलग झोपली, आणि आईनं टोमणा न मारता पांघरूण सारखं केलं. मॅडमचे व्यायाम ती न चुकता करायची. भिंतीला दंड टेकवून उभं राहायचं, कंबर समांतर ठेवायची, आरशात बघायचं. उजवी बाजू पूर्वी चार बोटं कलायची, ती आता तीन बोटं कलू लागली. पण पाच आठवडे म्हणजे सहा ते आठ आठवडे नव्हेत, आणि पेडल रोज आठ तास होतंच.

दहा दिवस राहिले तेव्हा सर घरी आले. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले, "माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत. खुब्यात एक सुई देतील. दोन दिवसांत दुखणं गायब."

तिनं मॅडमना विचारलं. मॅडम चिडल्या नाहीत, त्यानंच तिला जास्त भीती वाटली. "सुई वाईट नसते," त्या म्हणाल्या. "दुखणं इतकं असेल की व्यायामही होत नाहीत, तर मी स्वतः सुचवते. पण ती विश्रांतीसाठी घ्यायची. सुईनं सूज उतरेल, स्नायूत जोर येणार नाही. तुम्हाला दुखणार नाही आणि तरी पाय धरणार नाही. ते कळायला मग काही उरणार नाही."

"आणि नाही घेतली तर?"

"तर यंदाची शर्यत सोडावी लागेल."

आईला तिनं सगळं सांगितलं. आई भांडी घासत होती. "घर काय, मिळेल," ती म्हणाली. "तुझ्या भावाकडे स्वयंपाकघराच्या बाजूला एक कोपरा आहे. पलंग मावणार नाही, पण आपण मावू." हे आई सहज म्हणाली. तिनं मात्र त्या कोपऱ्यात स्वतःला आणि आईला शेजारी शेजारी झोपवून पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी सरांबरोबर सुई घ्यायला गेली.

दुखणं खरंच गेलं. इतकं गेलं की ती सवयीनं जिन्यावर कठडा धरायची आणि मग हसायची. स्पर्धेच्या दिवशी सकाळी हवा थंड होती. एक किलोमीटरचा रस्ता आखला होता, त्यावर दहा फेऱ्या. कडेला ठरावीक अंतरावर पंच उभे. तळघरातल्या सहा जणी सुट्टी टाकून आल्या होत्या. मावशी घडीची खुर्ची घेऊन.

"बदके, मान ताठ!" पहिल्या फेरीलाच मावशी ओरडल्या.

चौथ्या फेरीपर्यंत ती पाचवी होती. सहाव्या फेरीला चौथी. सातव्या फेरीत पुढची बाई पोट धरून मागे पडली आणि ती तिसरी झाली. तिला श्वास पुरत होता. खुबा गप्प होता. रस्त्याच्या वळणावर एका पंचानं पिवळी पाटी दाखवली, वाकलेल्या गुडघ्याची खूण असलेली. तिला वाटलं, मागच्या बाईला दाखवली. फलकावर तिच्या क्रमांकापुढे एक लाल खूण लागली तेव्हा तिनं डाव्या पायाकडे मन लावलं. पाय सरळच पडतोय असं वाटत होतं. आठव्या फेरीत दुसरी खूण. तिसरी लागली की बाहेर. आता ती प्रत्येक पावलाला गुडघा ताणू लागली. पण गुडघा वाकत होता तो वर कंबर सुटत होती म्हणून, आणि कंबर सुटतेय हे सांगणारं दुखणं तिनं आठवड्यापूर्वीच गप्प केलं होतं. मावशींच्या समोरून जाताना तिला त्यांचा चेहरा दिसला. मावशी काही ओरडल्या नाहीत. त्यांच्या नजरेला ती कललेली दिसत असणार.

नवव्या फेरीत, शेवटच्या वळणाच्या थोडं अलीकडे, मुख्य पंच रस्त्यात आले. हातात लाल पाटी. मोठ्या अदबीनं म्हणाले, "ताई, बाहेर या." ती तिसरीच होती. चौथी बाई पन्नास पावलं मागे होती. ती बाहेर आली आणि गवतात उभी राहिली, दोन्ही पायांवर, आणि चौथी तिच्यासमोरून तिसरी होऊन गेली.

सर आले, पाण्याची बाटली दिली. "पुढच्या वर्षी," एवढं म्हणून ते थांबले, कारण पुढचं वर्ष नव्हतं.

आठवडाभरानं कागद आला. महिनाअखेर नोकरी संपणार, खोल्यांची किल्ली त्याच तारखेला द्यायची. मुकादमानं दोनदा वर जाऊन अर्ज केला, पण खेळाडूची जागा खेळाडूलाच, असं उत्तर आलं. मॅडमनी व्यायामांचा नवा कागद दिला. "आता घाई नाही," त्या म्हणाल्या आणि स्वतःच ओशाळल्या. सुईचा असर उतरल्यावर खुबा पुन्हा बोलू लागला होता. तिनं कागद घडी करून ठेवला. भावाच्या घरी आडवं होऊन पाय उचलण्याइतकी जागा आहे का, ते ती मनात मोजत होती.

शेवटच्या दिवशीही ती सातला आली. अडीचशे नग झाले. कुणी काही समारंभ केला नाही. तळघरात तशी रीत नव्हती. मावशींनी सकाळपासून तिच्याकडे बघायचं टाळलं होतं, आणि घड्या इतक्या चापून घालत होत्या की अभ्र्यांचे काठ कागदासारखे झाले होते. एकदाच त्या म्हणाल्या, तोंड खाली ठेवून, "कोट करपला नव्हता माझ्या हातून."

"माहीत आहे, मावशी."

सुट्टीची घंटा झाली. तिनं शेवटचा कोट खुंटीला लावला, वाफेची तोटी बंद केली, ॲप्रन काढून दाराशी ठेवला. बायका हात पुसत जिन्याकडे निघाल्या होत्या. मावशी स्टुलावरून उतरायच्या तयारीत नव्हत्या. त्यांनी पुढ्यात चादरींचा आणखी एक गठ्ठा ओढला, लहान मुलांच्या वॉर्डचा. ती पहिल्या पायरीवर पोचली होती, तिथून वळली.

"मावशी, लहान मुलांच्या वॉर्डच्या चादरी अजून दमट आहेत," ती म्हणाली. "त्यांच्या घड्या उद्या घाला."